कूट नाही, शेंगतेल नाही: एका लेबल प्रिंटरची हकीकत

मित्रांनो, मी एक जुना लेबल प्रिंटर आहे. माझा रंग मूळचा पांढरा. सध्याचा कुठल्या रंगात धरायचा यावर घरात एकमत नाही. चाकणला तळेगाव रस्त्याच्या आतल्या अंगाला कौशल्याबाईंची खाणावळ आहे. तिथे डावीकडे लोणच्याची बरणी, उजवीकडे कॉम्प्युटर आणि मधे मी. बरणीकडे माझ्यापेक्षा जास्त लोक येतात, पण मी मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. देशाचं नाव माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे आणि पाठ मला दिसत नाही. पहिली आठवण थर्माकोलची. त्यातून बाहेर काढून मला चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात, माल बाहेर पाठवायच्या खात्यात बसवलं. माझ्या पोटात शाई नसते. मी कागदाला ठिकठिकाणी गरम करतो आणि तिथे कागद काळा पडतो. मे महिन्यात माणसांचंही असंच होतं, असं ऐकून आहे.

मी गिअरच्या पेट्यांवरची लेबलं छापायचो. गिअर दिसतो कसा, हे मी आजतागायत पाहिलेलं नाही. एखाद्याने जन्मभर लग्नपत्रिका छापाव्यात आणि त्याला एकदाही जेवायला बोलावू नये, तसं. तरी काम चोख होतं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. मोठ्या प्रेसला झेंडूचा हार, फोर्कलिफ्टला नारळ आणि मला हळदकुंकवाचं एक बोट. ते बोट नेमकं माझी वायर जिथे लागते त्या खोबणीत जायचं. माझ्या अंगावर कपाळासारखी दिसणारी तेवढी एकच जागा होती.

मग एके वर्षी कारखान्यात साफसफाईची मोहीम निघाली. जी वस्तू वापरात नाही तिला लाल टॅग लावायचा, आणि कुणी मागणी केली नाही तर ती भंगारात. माझ्या जागी नवा प्रिंटर आला होता, त्यामुळे टॅग मला लागणार हे उघड होतं. पण नवा प्रिंटर अजून सुरू व्हायचा होता, आणि टॅगवरचा मजकूर कुणीतरी छापायला हवा. तो मीच छापला. लाल कागदावर, ठळक अक्षरांत: ‘निरुपयोगी’. एक काना कुठे तुटला नाही. साहेबांनी तो हातात घेऊन पाहिला, म्हणाले, “काय सुंदर छापतो राव अजून,” आणि माझ्या पोटाखाली चिकटवला.

पुढचे दिवस चिखलीकडच्या एका भंगाराच्या दुकानात गेले. माझ्या शेजारी एक ट्रेडमिल होती. तिच्यावर कधी कुणी धावलंच नव्हतं, लोक तिच्यावर कपडे वाळत घालत. तिचा समज असा होता की आपण दांडी आहोत. मी तिचा समज मोडला नाही.

तिथून मला विजयश्रीने उचललं. विजयश्री म्हणजे कौशल्याबाईंची मुलगी. एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिने मला उलटं केलं, टॅग वाचला, हसली आणि दुकानदाराला म्हणाली, “हाच द्या.” निरुपयोगी म्हणून लेबल असूनही आपल्याला कुणी का घ्यावं, हे कुतूहल मला खाणावळीपर्यंत पुरलं.

कारण तिथे गेल्यावर कळलं. कारणाचं नाव दिग्विजय.

दिग्विजय इस्लामपूरकडचा. चाकणच्या कारखान्यात ट्रेनी. एवढं नाव धारण करून या मुलाला जगात एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे शेंगदाणा. एक दाणा पोटात गेला की ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास घेता येत नाही. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणतात. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे शेंगदाणा कशात नसतो? भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणी तर कुटाचीच, आणि ज्यात कूट नाही ते शेंगतेलात तळलेलं.

कौशल्याबाई मूळच्या परभणीकडच्या. कारखान्यांच्या गेटवर रोज डबे पाठवतात. दिग्विजयसाठी त्यांनी वेगळी कढई ठेवली होती आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधला होता. पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग श्रावणातली एकादशी आली. एकादशीला खाणावळीत सगळ्यांनाच उपवासाचं. कौशल्याबाईंनी साबुदाण्याची खिचडी टाकली. उपवासाचं अन्न पवित्र, ते कुणाला बाधत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. तरीही काळजी नको म्हणून दिग्विजयच्या वाट्याच्या खिचडीतले दाणे त्यांनी बसून, एकेक करून वेचून काढले.

कूट कसं वेचणार?

दिग्विजयने दोरा पाहिला आणि विश्वासाने खाल्लं. कारखान्याच्या गाडीतून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तो बरा झाला. कौशल्याबाई मात्र दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या, आणि त्याला सोडल्यावर म्हणाल्या, “लेकरा, आता तू दुसरीकडं बघ. मला हे झेपायचं नाही.”

दुसरीकडे म्हणजे कुठे? बाकीच्या खाणावळींतही कूटच. दिग्विजय केळी आणि दूध-पाव यांच्यावर दिवस काढू लागला. त्याच्या शर्टाच्या आत दिग्विजय कमी आणि हवा जास्त, अशी अवस्था झाली. गावाहून आईचा रोज फोन. तिने ठरवून टाकलं होतं की दसऱ्यानंतर मामा गाडी घेऊन येईल, त्याच्याबरोबर बॅग भरून यायचं आणि परत जायचं नाही. दिग्विजयला जायचं नव्हतं. कारखान्यात त्याला मोजमापाच्या मशीनवर घेतलं होतं. केसाच्याही अंशात फरक सांगणारं यंत्र. त्याच्यासमोर उभं राहिलं की त्याला भूक आठवत नसे, असं तो सांगायचा. हे सांगताना तो केळं सोलत असायचा.

विजयश्रीचं म्हणणं असं की दोरा काही बोलत नाही. दोरा फक्त कुणाचा डबा ते सांगतो, आत काय नको ते सांगत नाही. म्हणून तिने कॉम्प्युटरवर खाणावळीचं एक पान बनवलं, ब्राउझरमध्ये उघडणारं. जेवणाऱ्याने आपल्या मोबाइलवरून स्वतः लिहायचं की मला काय चालत नाही. सकाळी त्या पानाने ते थेट माझ्याकडे पाठवायचं आणि मी प्रत्येक डब्याची चिठ्ठी छापायची.

कौशल्याबाईंनी ऐकून घेतलं आणि अट घातली. “आधी सगळ्यांच्या डब्यावर लाव. ह्याचा डबा रिकामा जाईल, नुसती चिठ्ठी लावून. गडबड झाली नाही तर बघू. चिठ्ठी नाही तर डबा नाही.”

म्हणजे एका मुलाचं चाकणला राहणं माझ्यावर येऊन ठेपलं होतं. माझ्या पोटावर काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण मलाही तो कळायला वेळ लागला. खाणावळीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी व्यवस्था. जुनी व्यवस्था चालवताना कॉम्प्युटर फार धापा टाकायचा, म्हणून विजयश्रीने ते घातलं होतं. तिने माझी यूएसबीची वायर लावली. माझा हिरवा दिवा लागला. पानावर तिने ‘प्रिंटर जोडा’ असं दाबलं. एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात जोडलेल्या उपकरणांची नावं यायची असतात.

खिडकी रिकामी.

मी वायरीच्या या टोकाला बसून होतो, दिवा लावून, आणि तिकडे मी नव्हतोच. मित्रांनो, आपण आहोत की नाही, असा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता.

दत्तोबांना मात्र उत्तर लगेच सापडलं. दत्तोबा म्हणजे कौशल्याबाईंचे यजमान. स्कूटरवरून डबे पोचवतात. दर गुरुवारी आळंदीला जातात आणि जगातल्या प्रत्येकाला माउली म्हणतात, ट्रॅफिक पोलिसालासुद्धा. त्यांनी माझ्या खोबणीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, “ह्या माउलीच्या तोंडात कुंकू हाय.” मग त्यांनी जुन्या टूथब्रशने माझे दात घासले. खरोखरच लाल भुकटी निघाली, आणि मागोमाग अक्षतांचा एक दाणा. सगळ्यांना फार बरं वाटलं. खिडकी रिकामीच राहिली.

विजयश्रीने मग कॉम्प्युटरलाच विचारलं की तुला काय काय जोडलेलं आहे. त्याने घडाघडा सांगितलं: कीबोर्ड, माउस, आणि मी. माझं नाव, मला घडवणाऱ्याचा आकडा, माझ्या मॉडेलचा आकडा, सगळं त्याला पाठ. म्हणजे घराला मी माहीत होतो. ब्राउझरला माहीत नव्हतो.

का, ते सांगतो. ब्राउझर म्हणजे घरातला भाडेकरू समजा. त्याच्याकडे दिवसभर जगभरची पानं येतात-जातात. बातम्यांची, भजनांची, जुन्या गाड्यांच्या किमतींची. कोणतं पान मनात काय घेऊन आलंय, कोण सांगणार? म्हणून भाडेकरूने घरातल्या वस्तूंना हात लावायचा नाही, असा दंडक. त्यातून हा भाडेकरू ‘स्नॅप’ नावाच्या बंद खोक्यासकट आलेला. त्याला खोक्याच्या बाहेरचं दिसतच नव्हतं. विजयश्रीने दुसऱ्या एका ब्राउझरलाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, यूएसबीच्या भानगडीत मी पडतच नाही. सरळ बोलणारा होता, मला आवडला.

तिने एक आज्ञा देऊन खोक्याला माझ्या बाजूने झरोका पाडला. पुन्हा ‘प्रिंटर जोडा’. या वेळी खिडकीत माझं नाव आलं. स्वतःचं नाव असं पडद्यावर पाहून मला जरा लाजल्यासारखं झालं. तिने नाव निवडलं, दाबलं, आणि उत्तर आलं: ‘प्रवेश नाकारला’.

“अगं, आता कोण नाकारतंय?” दत्तोबांनी विचारलं.

“रूट,” विजयश्री म्हणाली.

रूट नावाचे एक गृहस्थ प्रत्येक लिनक्स कॉम्प्युटरमध्ये असतात. सगळं त्यांच्या नावावर. जोडलेली वस्तूही आपोआप त्यांचीच होते. ते कधी दिसत नाहीत, जेवायला येत नाहीत, सणाला फोन करत नाहीत, पण त्यांच्या परवानगीशिवाय आत काही हलत नाही. चऱ्होलीच्या नव्या सोसायट्यांमध्ये असे चेअरमन असतात म्हणे. मीही त्यांच्याच मालकीचा निघालो. इतकी वर्षं काम केलं आणि मालकाचं नाव मला त्या दिवशी कळलं.

विजयश्रीने ऑफिसातल्या एका मित्राला फोन लावला. त्याने सल्ला दिला की सगळं सगळ्यांना उघडून टाक, कटकट मिटेल. तिने तशी ओळ लिहिलीसुद्धा. मग ती थांबली. दत्तोबा तेव्हा आपल्या मोबाइलवर काहीतरी वाचत होते, आणि जे जे विचारलं जाईल त्याला त्यांचा अंगठा ‘हो’ म्हणत होता. ती त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि तिने ती ओळ पुसली.

मग तिने नेमका नियम लिहिला. या आकड्याच्या कंपनीचं, या आकड्याचं उपकरण आलं, तर आणि तरच, समोर बसून कॉम्प्युटर वापरणाऱ्याला ते हाताळू द्यावं. बाकी कुणाला नाही, बाकी कशाला नाही. लिनक्समध्ये असे नियम सांभाळणारा ‘यूडेव्ह’ नावाचा एक जण असतो. नवी वस्तू जोडली की तो तिचे आकडे बघतो आणि नियमाप्रमाणे दार उघडतो किंवा उघडत नाही. वस्तू आधीपासून आत बसलेली असेल तर तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून मला बाहेर काढून परत लावलं. नव्या सुनेसारखा मी दुसऱ्यांदा माप ओलांडून आलो.

तरीही एक अडचण उरली. कॉम्प्युटरच्या घरात प्रिंटरांची उस्तवार करणारा एक जुना प्रोग्रॅम होता, कारकूनच म्हणा. मी आलो की तो धावत येऊन माझा हात धरायचा आणि सोडायचा नाही. त्यामुळे पानाला मला धरताच येईना. त्याचा हेतू वाईट नव्हता. विजयश्रीने त्याला सन्मानाने सुट्टी दिली.

आणि दुपारी, डब्यांची भांडी घासून पालथी घातलेली असताना, माझ्या तोंडातून पहिली चिठ्ठी बाहेर आली:

‘दिग्विजय. शेंगदाणा नाही. कूट नाही. शेंगतेल नाही.’

कौशल्याबाईंनी ओले हात पदराला पुसले, चिठ्ठी फाडली, बोटाने अक्षरं चाचपून पाहिली. “गरम हाय,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून लाल दोरा सुटला आणि चिठ्ठ्या लागू लागल्या. दिग्विजयचा रिकामा डबा चिठ्ठी मिरवत रोज कारखान्यात जायचा. दिग्विजय जेवणाच्या सुट्टीत तो उघडायचा, आत बघायचा, झाकण लावायचा आणि केळं खायचा. त्याच्या टेबलावरचे लोक हळूहळू दुसऱ्या टेबलावर बसायला लागले.

कौशल्याबाईंची कामाची एक पद्धत आहे. गेटवर ज्या क्रमाने डबे द्यायचे, त्याच क्रमाने ते ओट्यावर मांडायचे. प्रत्येकाची जागा ठरलेली. माझ्याकडून चिठ्ठ्या त्याच क्रमाने निघायच्या. त्या एकामागून एक फाडून, न वाचता, डब्यांवर लावत जायचं. मग चिठ्ठी बघून डबा भरायचा. हात इतका बसलेला की त्या लावता लावता माहेरच्या गोष्टी सांगायच्या.

दसरा तोंडावर आला असतानाची सकाळ. दत्तोबांच्या भावाने चऱ्होलीला फ्लॅट घेतला होता आणि त्याची वास्तुशांत होती. पुतण्याने काकांना एक लिंक पाठवली. ते होतं आमंत्रणाचे स्टिकर छापायचं पान. दत्तोबांनी ते खाणावळीच्या कॉम्प्युटरवर उघडलं. पानाने अदबीने विचारलं, तुमच्या प्रिंटरला हात लावू का? दत्तोबा म्हणाले, लाव की माउली.

आमच्या पानाची रीत अशी होती की एक चिठ्ठी झाली की माझा हात सोडायचा आणि पुढच्या चिठ्ठीला परत धरायचा. त्या मधल्या फटीत वास्तुशांत शिरली. मला जे येईल ते छापायची सवय. मी छापलं: ‘सहकुटुंब, सहपरिवार अवश्य येणेचे करावे. आहेर आणू नये.’ आणि पुढची चिठ्ठी छापायला घेतली.

ती आमंत्रणाची चिठ्ठी दिग्विजयच्या डब्यावर लागली. दिग्विजयची चिठ्ठी सरकून शेजारच्या यशवंतरावांच्या डब्यावर गेली. पुढची सगळी रांग एकेका घराने पुढे ढकलली गेली. शेवटी एक चिठ्ठी उरली, ती जास्तीची समजून कौशल्याबाईंनी बाजूला ठेवली. भरताना कौशल्याबाईंनी पाहिलं, एका डब्यावर ‘नाही’ असं काहीच लिहिलेलं नाही. म्हणून त्यांनी तो पोटभर भरला. भरली वांगी. वांगी कशाने भरतात, हे मी सांगायला नको.

दुपारी आधी यशवंतराव आले. ते क्रेन चालवतात आणि तेवढ्याच उंचीवरून बोलतात. हातात रिकामा डबा. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि विचारलं, “वहिनी, माझा काय गुन्हा झाला?” रिकाम्या डब्यावर दिग्विजयची चिठ्ठी होती.

कौशल्याबाईंनी ती पाहिली आणि त्यांच्या हातातलं उलथनं खाली पडलं. याची चिठ्ठी इथे, तर त्याच्याकडे काय गेलं? दत्तोबा स्कूटरकडे धावले. किल्ली सापडेना. विजयश्रीने फोन लावला, तो वाजत राहिला. कारखान्यात मोबाइल बाहेर ठेवायचे असतात. मी हिरवा दिवा लावून बसलो होतो. दुसरं काही मला करता येत नाही.

दत्तोबांना किल्ली सापडायच्या आत दिग्विजय स्वतःच दारात आला. ओठ नेहमीसारखे. हातात डबा, बंद.

“काकू,” तो म्हणाला, “ह्याला वांग्याचा वास येतोय आणि वर वास्तुशांतीचं आमंत्रण हाय. मी नक्की काय करायचं?”

कौशल्याबाईंनी डबा त्याच्या हातातून ओढून घेतला. “खाल्लं नाहीस ना?”

“नाही. वास लई चांगला होता पण.”

त्यांनी डबा उघडला. वांगी तशीच होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विजयश्रीला म्हणाल्या, “काढ ते यंत्र. बंद कर सगळं. कुणाचं पोरगं जेवायलंय का मरायलंय, हे म्या रोज चिठ्ठीवर सोडू का?”

विजयश्रीने पडद्यावर दुसरं पान उघडं पाहिलं आणि वडिलांकडे वळली. दत्तोबा म्हणाले, “त्यानं विचारलं, मी हो म्हणलं. एवढ्या नम्रपणे कुणी विचारलं तर नाही कसं म्हणायचं, माउली?”

बोलला तो दिग्विजय. आवाज बारीकच होता. “काकू, चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं, म्हणून थांबलो. नुसता दोरा असता तर खाल्लं असतं की.”

ओट्यापाशी थांबलेल्या यशवंतरावांनी विचारलं की मग ती वांगी आता मोकळी आहेत का. त्यांना ती देण्यात आली.

कौशल्याबाई वाकल्या, उलथनं उचलून धुतलं आणि म्हणाल्या, “खंडेनवमी झाली, दसरा झाला की एकादशी येते. त्या दिवशी करून बघू. त्या दिवशी निभलं तर रोज निभेल. नाही निभलं तर मामाच्या गाडीत बस.”

मग नियम बदलले. विजयश्रीने वास्तुशांतीच्या पानाची परवानगी काढून घेतली. माझ्या अंगावर माझा असा वेगळा क्रमांक नाही, त्यामुळे वायर काढली की ब्राउझर मला साफ विसरतो आणि जोडल्यावर नव्याने विचारतो. हा माझा दोष समजला जायचा. कौशल्याबाईंना तो फार आवडला. आता रोज सकाळी त्या स्वतः वायर लावतात, खिडकीत कोणतं पान विचारतंय आणि कुणासाठी विचारतंय ते मोठ्याने वाचतात आणि मगच ‘हो’ दाबतात. चिठ्ठीवरचं नावही मोठ्याने वाचायचं, त्या नावाचा डबा हातात घ्यायचा, मग चिकटवायची. माहेरच्या गोष्टी आता चिठ्ठ्या झाल्यावर. परभणीची एक मावशी त्यामुळे अर्ध्यावरच राहिली आहे. तिचं पुढे काय झालं, याची मला फार उत्सुकता आहे.

खंडेनवमीला पूजा मांडली. मिक्सर, स्कूटर, गॅसची शेगडी आणि मी. दत्तोबा कुंकवाचं बोट घेऊन माझ्या खोबणीकडे निघाले. कौशल्याबाईंनी त्यांचा हात वरच्या वर धरला.

“कुणाच्या तोंडात काय घालायचं, ते त्याला विचारून घालावं,” त्या म्हणाल्या.

दत्तोबांनी मला विचारलं. मी काही बोललो नाही. त्यांनी एक झेंडू माझ्या डोक्यावर ठेवला.

मग एकादशी आली. त्या सकाळी दाण्यांचा डबा कुलुपात होता. सगळ्यात आधी दिग्विजयची कढई चढली. साजूक तुपात भगर, जिऱ्याची फोडणी, बटाट्याची भाजी. चिठ्ठी रिकाम्या डब्यावर आधीच लावलेली. तो डबा भरून, झाकून, बाजूच्या खोलीत ठेवला. त्यानंतर हात धुऊन कौशल्याबाईंनी कुलूप काढलं आणि बाकीच्यांची खिचडी टाकली.

त्या दिवशी त्यांनी डबा कारखान्यात पाठवला नाही. दिग्विजयला सुट्टीत इथेच बोलावलं. तो माझ्यासमोरच्या बाकावर बसला. त्याने चिठ्ठी वाचली, एकदा मनात आणि एकदा कौशल्याबाईंना ऐकू जाईल अशी. पहिला घास घेतला. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या, नजर त्याच्या ओठांवर. दत्तोबांनी स्कूटर दाराशी चालू करून ठेवली होती. विजयश्री पडद्याकडे बघत होती, आणि पडद्यावर काहीच नव्हतं.

दुसरा घास झाला. तिसरा झाला. भगर संपली. त्याने डब्याच्या कडेची भाजी बोटाने पुसून खाल्ली आणि मान वर केली.

“काकू, अजून हाय?”

कौशल्याबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दत्तोबांनी स्कूटर बंद केली. दिग्विजयने घरी फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. त्याने एवढंच सांगितलं, “आई, जेवलो. मामाला म्हणावं, गाडी नको.”

मित्रांनो, माझी हकीकत इथे येऊन थांबते. कुणी ‘आत येऊ का’ असं विचारलं तर कोण आहे ते आधी वाचा. द्यायचंच असेल तर एक दार उघडा, सगळं घर नको. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात दिसलं तर टॅग लावण्याआधी वायर जोडून बघा. ते अजून काहीतरी छापत असेल.

माझ्या पोटाखाली तो लाल टॅग अजून आहे. डिंक फार चांगला होता. पण खंडेनवमीला कौशल्याबाईंनी माझ्याकडून आणखी एक चिठ्ठी छापून घेतली आणि माझ्या खोबणीच्या वर चिकटवली. ती अशी: ‘प्रिंटर. कुंकू नाही. अक्षता नाही.’

दोन्हींवरचं अक्षर माझंच. टॅग छापताना मला कुणी काही विचारलं नव्हतं. या चिठ्ठीच्या वेळी ती छोटी खिडकी उघडली होती, आणि कौशल्याबाईंनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली होती.